रायरांची रस्त्यालगतची जागा

आमच्या दुकानमालकाच्या मुलानं रायरांना फसवलं. आधी हे लिहितो, बाकीचं नंतर.

रायर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, वसंतानं, महिन्यापूर्वी केला तेव्हा मी एका बाईशी कढईच्या भावावरून हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि कढई तिच्या भावात देऊन टाकली... असं माझ्या हातून कधी होत नाही.

मी विट्याकडचा. सोनं गाळायच्या कामाला चेन्नईत आलो आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर टी. नगरच्या एका गल्लीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान टाकलं. शेजारी रायरांचं कॉफी पावडरीचं दुकान. तंजावरचं जुनं मराठी घराणं. बोलण्यातले शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे आणि चाल तमिळ. सकाळी ते बिया भाजायला लागले की वास बसस्टॉपपर्यंत जायचा आणि बस पकडायला निघालेली माणसं आमच्या गल्लीत वळायची. दुकानाची पाटी त्यांनी कधी रंगवलीच नाही. कॉफी घेतलेल्या बाईला ते फिल्टरसाठी माझ्याकडे पाठवत आणि मागून हाक देत, "सेठ, बाई आपली आहे. पहिला भाव सांगू नका, तिसरा सांगा."

गल्ली पाडून मोठी इमारत बांधायचं ठरलं तेव्हा थोरल्या मालकांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. ताटात विड्याची पानं, सुपारी, नारळ. नव्या इमारतीत तुमच्या जागा रस्त्यालगतच राहतील असं म्हणून त्यांनी तांबूल दिलं. रायरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. त्यांच्या लेखी व्यवहार पुरा झाला. त्यांच्या घरातली लग्नंसुद्धा अशीच ठरत आलेली. मीही घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी स्टँपपेपर घेऊन परत गेलो, आवाज चढवला, सही घेऊनच उठलो. तुमचाही कागद करून आणतो म्हटलं तर रायर माझ्यावरच चिडले.

"तांबूल घेतल्यावर कागद मागायचा म्हणजे त्यांना तोंडावर खोटं म्हणायचं. तुम्ही म्हणा, सेठ. मला जमायचं नाही."

इमारत उभी राहीपर्यंत थोरले मालक वारले. धाकट्यानं मला रस्त्यालगत जागा दिली आणि रायरांना तळघरात, जनरेटरशेजारी. कागद कुठाय, म्हणाला. तांबूल दिलं तेव्हा ताट धरून हाच उभा होता. मी पाहिलंय.

तळघरातला वास रस्त्यावर येतो कुठला... रायर तिथंही रोज भाजत बसले, डिझेलच्या धुरात. मी म्हटलं, चला त्याच्या ऑफिसात, भांडतो मी, तुम्ही नुसते बसा. "त्याचे वडील बेस माणूस होते," एवढंच म्हणाले. वर्षभरात दुकान मिटलं. ते परत गल्लीत फिरकले नाहीत. रविवारी मीच त्यांच्या घरी जायचो. शेवटच्या रविवारी त्यांनी विचारलं, आमच्या रस्त्यालगतच्या जागेत आता कोण आहे? मोबाइलचं दुकान, मी म्हटलं. चालतं का? चालतं. त्यांना खरंच बरं वाटलं. मला नाही.

अजून नुंगंबाक्कमहून, कुठून कुठून जुनी गिऱ्हाइकं येतात आणि माझ्या काउंटरशी उभी राहून विचारतात, रायर हल्ली कुठं बसतात? महिनाभर मी सांगतोय, सांगताना आवाज चढतो, विक्री राहून जाते. धाकटे मालक तेराव्याला हार घेऊन आले, हात जोडून उभे राहिले, गेले. हारानं भागणार नाही, साहेब. एक सकाळ माझ्या दुकानात या, माझ्या खुर्चीवर बसा, आणि रायरांना विचारत येईल त्या बाईला ते कुठं गेले आणि कसे गेले, हे तुम्ही सांगा.