मंग उघाडी कोन?

डब्याचं झाकण लावलं की भाऊ ते पुन्हा उघडून बघायचे. पार्सलला गाठ मारली की आधी स्वतः सोडून बघायचे. "लावाले काय, कोनी बी लावस. मंग उघाडी कोन?" अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. आपण हसतो आणि पुढे जातो. मी मात्र बघत थांबायचो.

धुळ्याच्या एका कॉलेजात भाऊ कॉम्प्युटर शिकवायचे आणि मी रसायनशास्त्र. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी कुठल्याशा मासिकाबरोबर त्यांना विंडोजऐवजी चालणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्सची सीडी मिळाली. झालं, भाऊंच्या अंगात आलं! रविवारी मला घरी बोलावून त्यांनी सीडी सुरू केली. मध्येच पडद्यावर प्रश्न आला, फाइल सिस्टम कोणती? भाऊंनी की-बोर्डवरचा हात उचलला.

ही म्हणजे डिस्कवर सामान लावायची रीत, त्यांनी मला समजावलं. लिनक्सची स्वतःची रीत झकास, पण विंडोजला ती वाचता येत नाही. विंडोजची जुनी रीत मात्र दोघांनाही वाचता येते. मी म्हटलं, मग झकास ती घ्या आणि मोकळे व्हा. पोहे गार होत होते.

पण त्याच डिस्कवर त्यांच्या आईची गाणी होती. आई मूळची दोंडाईचाची; लग्नातली अहिराणी गाणी तिला तोंडपाठ. हल्ली कडवी विसरायला लागली, म्हणून भाऊंनी माईक लावून ती भरून घेतली होती. ती गाणी पुसली गेली तर परत मिळणार नाहीत, याची त्यांना खरंच धास्ती होती.

"एवढं कौतुक करता, मग गाणीही लिनक्सच्या रीतीने ठेवा की," मी म्हटलं.

भाऊंनी स्वयंपाकघरातल्या वहिनींकडे पाहिलं. "हिला विंडोज येतं. माझ्या हौसेपायी हिने दार ठोठावत बसायचं का?"

मग लिनक्सला डिस्कचा वेगळा भाग मिळाला आणि गाणी जुन्या रीतीतच राहिली. विंडोजमध्ये जाऊन एक गाणं वाजवून बघितलं, तेव्हा कुठे त्यांनी गार पोहे खाल्ले.

पुढच्याच वर्षी भाऊ अचानक गेले. मला भयंकर राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. तेराव्यानंतर भेटायला गेलो तर वहिनी कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. शेजारी खुर्चीत भाऊंची आई. लेक गेल्यापासून म्हातारी बोलली नव्हती.

वहिनींनी विंडोज सुरू केलं, माउस दाबला. गाणं लागलं. म्हातारीचे ओठ हलले, मग तीही बरोबर गाऊ लागली. विसरलेली कडवी तिला एकेक सापडत गेली.

गाणं संपता संपता त्याच रेकॉर्डिंगमधून भाऊंचा आवाज आला, "थांब माय. गानं उघडस का, देखू दे."

आणि म्हातारी थांबली.