केरी, पण कुठली?

मी धारगळला घरी बसून म्हापशातल्या एका छोट्या कंपनीसाठी मॅन्युअलं लिहिते. कंपनीचं सॉफ्टवेअर भाड्याच्या गाड्यांचं. गिऱ्हाईक कुठून कुठे जाणार, कोणती गाडी रिकामी, ड्रायव्हर कोण, हे सगळं त्यात जुळवायचं. ऑफिसातल्या मुली ते चालवायच्या.

गेल्या वर्षी मालक बंगळुरूहून कसलीशी परिषद करून आले आणि आल्या आल्या म्हणाले, यापुढे बुकिंग एआय एजंट घेणार. गिऱ्हाईक मोबाईलवर मेसेज टाकेल, एजंट तो वाचेल, सॉफ्टवेअर स्वतःच चालवेल आणि गाडी पाठवेल.

"त्याला फक्त मॅन्युअल नीट लागेल," ते माझ्याकडे बघत म्हणाले.

"नीटच आहे," मी म्हटलं. माझं मॅन्युअल मला तेव्हा फार आवडत असे.

आधी घरच्या माणसांवर चाचणी करायची ठरली. मी डिचोलीच्या आत्याचं नाव दिलं. आत्या मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका. शेजारच्या बायकांना घेऊन केरीच्या समुद्रावर जायचं तिच्या मनात कधीपासून होतं. मी फोन केला.

"कसलो एजंट? जमिनीचो? आमकां कायच विकूचा ना हां!"

तसला एजंट नव्हे, हे पटवायला बराच वेळ गेला. मग तिने एजंटला शुद्ध मराठीत मेसेज पाठवला: 'रविवारी सकाळी आम्हा महिलांना डिचोलीहून केरीस जावयाचे आहे. मोठी गाडी पाठवावी.' एजंटने लगेच होकार कळवला. त्याच्या उत्तरातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक आत्याने त्याला उलट लिहून दुरुस्त करून दिली.

रविवारी गाडी आत्याकडे वेळेवर पोचली, तेव्हा मी घरी चहा पीत स्वतःवर खूश होते. थोड्या वेळाने आत्याचा फोन.

"अगो, समुद्र खंय?"

"म्हणजे? तू कुठे आहेस?"

"केरीक. पण हय सगळे डोंगर."

गोव्यात केरी एकच नाही. तिला हवी होती ती पेडणे तालुक्यातली, तेरेखोलजवळ, समुद्राला लागून. दुसरी सत्तरी तालुक्यात, चोर्ल्याच्या घाटाखाली. एजंटने नेमकी ती निवडली होती. ड्रायव्हर बेळगावकडचा, नवा. चोर्ल्याची वाट त्याच्या गावची, त्यामुळे शंका येणं सोडाच, तो खुशीत गाडी हाकत होता. आत्याने फोन त्याच्या हातात दिला.

"मॅडम, मोबाईलवर हेच ठिकाण आलंय. पाणीच बघायचं असेल तर अंजुण्याचं धरण जवळ आहे. दाखवू काय?"

मी पुन्हा आत्याला विचारलं, "वाटेत समुद्राच्या उलट दिशेचं साखळी गाव लागलं, तेव्हा तुला कळलं नाही का?"

"कळला मगे! सगळ्यो बायको विचारी होत्यो. मीच त्यांकां गप केलंय. म्हटला, तुझो कॉम्प्युटर, काय तरी विचार करूनच व्हरता आसतलो."

आयुष्यभर मुलांच्या उत्तरांवर लाल पेन चालवणाऱ्या बाईने पहिल्यांदाच कुणावर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि तो नेमका आमच्या एजंटवर. शेवटी सगळ्यांनी धरणाकाठी बसून सोबतचे उंडे पाव आणि पातळभाजी खाल्ली, फोटो काढले आणि परत आल्या. मला आलेल्या फोटोत आत्या एकटीच हसत नव्हती.

सोमवारी मी ऑफिसात जाऊन एजंटने काय काय केलं ते वाचलं. 'केरी' शोधल्यावर सॉफ्टवेअरने त्याला एकाहून जास्त गावं दाखवली होती. त्याने पहिलं उचललं आणि कारणही लिहून ठेवलं होतं: मॅन्युअलप्रमाणे ग्राहकास प्रश्न विचारून त्रास देऊ नये. वाक्य माझंच. मला ते फार सभ्य वाटलं होतं.

"मग तुमच्या हातून असं कधी कसं झालं नाही?" मी मुलींना विचारलं.

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "ताई, आम्ही सरळ फोन करून विचारतो. मॅन्युअल... ते कपाटात आहे."

म्हणजे माझं लिखाण अक्षर न् अक्षर वाचणारा पहिला वाचक मला मिळाला होता, आणि त्याने बायकांना डोंगरात नेलं होतं. त्या दिवशी मी ते वाक्य काढलं आणि लिहिलं, खात्री नसेल तर विचारा. एजंटला विचारायची मोकळीक मिळाली आणि तो सुटलाच. मी वास्कोची गाडी मागून पाहिली, तर वास्को म्हणजे नक्की कुठलं, जाऊन-येऊन की एकेरी, सोबत लहान मुलं आहेत का, सामान किती. मीच वैतागून मोबाईल ठेवला.

मग मात्र शहाणपणा बाजूला ठेवून मी मुलींच्या शेजारी बसले. त्या फोनवर कधी विचारतात आणि कधी विचारत नाहीत, ते ऐकत राहिले, आणि तसंच लिहिलं. एका नावाची दोन गावं निघाली तर आपण निवडू नये, तालुका विचारावा. एकच निघालं तर मुकाट्याने गाडी पाठवावी. खाली उदाहरण घातलं, आत्याचाच मेसेज, आणि त्यावर काय विचारायला हवं होतं ते.

दुसऱ्या खेपेला आत्या तयार होईना. "समुद्र तूच घरी घेवन ये," म्हणाली. मी सोबत येते म्हटल्यावर तिने तोच मेसेज पुन्हा पाठवला. एजंटने विचारलं, 'पेडणे तालुक्यातील केरी, की सत्तरी तालुक्यातील?' आत्याने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "आता कसो विचारता बघ," ती म्हणाली आणि एकच शब्द लिहिला: पेडणे.

गाडी धारगळवरून मला उचलून हरमलमार्गे केरीला पोचली. बायका साड्या खोचून पाण्यात शिरल्या, त्यांच्या चपला माझ्या ताब्यात. ड्रायव्हर तोच, बेळगावचा. थोडा वेळ तो गाडीला टेकून लांबून बघत राहिला, मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तोही पाण्याकडे निघाला.