दर तासाचा राउंड

नोकरी गेली तेव्हा मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणीतरी चार ओळी वाचून दाखवल्या, दुपारी ईमेल बंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा लॅपटॉप परत न्यायला कुरिअरवाला दारात. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम होतं माझं. नऊ वर्षं केलं. मी लॅपटॉप पुसला, चार्जरची वायर नीट गुंडाळली आणि देऊन टाकला. आई दारात उभी राहून रडत होती. मी कुरिअरवाल्याला पाणी हवंय का ते विचारत होते.

पुढचे पाच महिने मी मोशीच्या आमच्या फ्लॅटमधल्या माझ्या खोलीत होते. बोलावलं की जेवायचं, विचारलं की मान हलवायची. "काय गं, मूग गिळलेत का?" आई रोज विचारायची. पप्पा काहीच विचारायचे नाहीत. चाकणच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सला काढलेला माणूस. बोलणं काय ते मोटरींशी आणि कॉम्प्रेसरशी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी ते पहाटे पाचला उठून दाढी करतात आणि मग कुठं जायचं ते न सुचून पेपर वाचतात.

मग जुन्या टीममधल्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या नव्या कंपनीत एक जागा होती, फक्त एक. शुक्रवारपर्यंत एक सर्टिफिकेट दाखवलं तर ती माझं नाव पुढे करणार होती. परीक्षा घरबसल्या, गुरुवारी, तीन तासांची. कॅमेरा सुरू. खोलीत दुसरं कुणी आलं किंवा लॅपटॉप मध्येच बंद पडला तर परीक्षा रद्द, पुन्हा बसायचं ते महिन्यानंतर. तोवर जागा कशाला थांबते!

आणि लॅपटॉप कुठला, तर ताथवड्याच्या कॉलेजात असताना घेतलेला. माळ्यावरून काढला, सुरू केला. दहा मिनिटांत मिक्सरमध्ये चटणी वाटावी तसा पंखा ओरडायला लागला आणि विसाव्या मिनिटाला सगळं काळं. खालची चादर इस्त्री केल्यागत गरम. "जाऊ दे," मी म्हणाले. खरंच, मला जाऊच द्यायचं होतं.

"जाऊ दे काय? आधी उघडून तर बघू," पप्पा म्हणाले.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगून टाकलं, "काका, याला आता हार घाला." पप्पांना ते लागलं. घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला, स्क्रू एका वाटीत ठेवले आणि दाढीच्या ब्रशने पंख्यातली धूळ काढली. गादीतल्या कापसासारखी निघाली. चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली. जुन्या कंपनीतल्या दोस्ताकडून भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणल्या, माझ्या हाताला लागू नये म्हणून त्यांच्या कडा कानस मारून गोल केल्या आणि लॅपटॉप त्यांच्यावर ठेवला, म्हणजे खालून वारा जाईल. बाजूला टेबलफॅन. वर आणखी ताकीद: "दार लावायचं नाही. हवा कोंडली की पंखा गरमच हवा फिरवतो." आईने जाता जाता झाकणाला हळदीकुंकू लावलं. पप्पांनी ते जाळीत तर गेलं नाही ना ते वाकून बघितलं.

मग सुरू झाला राउंड. कंपनीत पप्पा दर तासाला सगळ्या मशीनवरून फिरायचे. प्रत्येक बेअरिंगला उलटा हात लावायचा, तीन आकडे मोजायचे. हात ठेववला तर ठीक, नाही ठेववला तर मशीन थांबवायचं. उलटाच हात का, तर तळव्याला करंट बसला की मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. उलटा हात झटकन मागे येतो. हे मला लहानपणापासून पाठ आहे. आमच्या घरात दुधाच्या पातेल्यालासुद्धा कुणी तळवा लावत नाही.

सोमवार ते बुधवार मी दिवसभर सरावाचे पेपर सोडवत बसले आणि घड्याळात तास झाला की पप्पा हजर. मोज्यांतले पाय, आवाज नाही. उलटा हात लॅपटॉपच्या डाव्या कडेला, एक, दोन, तीन. मग बाहेर जाऊन एका रेघी वहीत काहीतरी लिहायचे. तीन रकाने आखले होते: वेळ, हात, शेरा. मी कधी बघितलं नाही. मला त्यात काय बघायचं होतं? बुधवारी लॅपटॉप सलग चार तास चालला. "चला, लाइनला लागलं," पप्पा म्हणाले. ते खूश होते. मी नव्हते, दुःखीही नव्हते.

गुरुवारी दहाला परीक्षा. मी तीनदा बजावलं, "पप्पा, आज राउंड नाही. काही झालं तरी आत यायचं नाही."

"अगं, कळतं मला. खुळा आहे का मी?" म्हणत ते हॉलमध्ये पेपर घेऊन बसले. मी दार अर्धवट लोटून घेतलं, हवेसाठी. कॅमेऱ्याला सगळी खोली फिरवून दाखवली आणि सुरुवात केली.

सोपं गेलं हो! हात आपोआप चालत होते. पंखा गप्प होता. एका प्रश्नावर तर मला हसू आलं, कारण ती चूक मी स्वतः एकदा पकडली होती. होईल हे, असं वाटलं. वाटलं, म्हणजे खरंच वाटलं.

हॉलमधल्या घड्याळात अकरा वाजले.

दार हललं. डावीकडून हात आला, मनगटावर वेल्डिंगचा जुना डाग असलेला. लॅपटॉपच्या कडेला उलटा टेकला. एक, दोन, तीन.

"गार आहे," पप्पा हळूच, समाधानाने म्हणाले. आणि मग त्यांना कॅमेऱ्याचा दिवा दिसला.

स्क्रीन पांढरा झाला. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा रद्द.

त्यानंतर मी जे ओरडले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तास झाला की तुमचे पाय खाजतात का, म्हणाले. कंपनीने हाकललं, तुम्ही उरलेलं संपवलंत, म्हणाले. आई झारा घेऊन धावत आली, "अगं, ते मुद्दाम का..." तिलाही गप्प केलं. पाच महिन्यांचं सगळं बाहेर आलं, मी हमसून हमसून रडले, आणि पप्पा हात तसाच हवेत धरून ऐकत राहिले. मी थांबल्यावर ते निघून गेले.

अर्ध्या तासाने तोंड धुवायला बाहेर आले. टेबलावर वही उघडी होती. वेळ, हात, शेरा. शेऱ्यात लॅपटॉपचं काहीच नव्हतं.

सोमवार, अकरा. कोमट. अर्धी पोळी खाल्ली.
सोमवार, एक. गरम. बोलली नाही.
मंगळवार, दहा. कोमट. केस विंचरले.
मंगळवार, चार. गार. बोलली नाही.
बुधवार, तीन. गार. माशीला शिवी दिली. चांगलं आहे.

शेवटची ओळ आजची होती.

गुरुवार, अकरा. गार. माझ्यामुळे परीक्षा गेली. पोरगी लई ओरडली. आवाज पहिल्यासारखा आहे.

पप्पा गॅलरीत स्टुलावर बसले होते, माझ्याकडे पाठ, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. मी खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर बसले. घड्याळात बारा वाजले. दार हललं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"पप्पा," मी मोठ्याने हाक मारली, "बारा वाजून गेले. राउंडला या."