फुलांच्या फोटोतला निरोप

मी नंदुरबारला कम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिथल्याच एका प्रशिक्षणात फोटोत मजकूर लपवायची युक्ती कळली. फोटो म्हणजे रंगांचे असंख्य ठिपके. त्यांचा रंग डोळ्याला कळणार नाही इतकाच बदलायचा आणि त्या बदलांत अक्षरं दडवायची. बघणाऱ्याला नुसती जास्वंद दिसते.

मला ही युक्ती धाकट्या बहिणीसाठी हवी होती. तिचं सासर विसरवाडीला, हायवेवर टायरचं दुकान. नवरा रोज तिचा फोन तपासायचा, ती आमच्याशी बोलताना शेजारी बसायचा. कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: "बरं शे." त्या 'बरं'चा मला संताप यायचा. दिवाळीला ती माहेरी कळसाडीला आली तेव्हा मी तिच्या फोनमध्ये ते अॅप टाकून दिलं. फोटो उजळ करायचं आहे म्हणून सांग, असं बजावलं. समोरासमोर ब्लूटूथवर फोटो पाठवून पाहिला, तर निरोप नीट निघाला. दोघी खूश. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

मग व्हॉट्सअॅपवर तिच्या अंगणातली फुलं येऊ लागली. जास्वंद, मोगरा, सदाफुली. प्रत्येक फोटो मी अॅपमध्ये घालायची आणि अॅप म्हणायचं, संदेश सापडला नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नसेल, असं मी आईलाही सांगितलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी पाठवायला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, तशी तीही आली. आखाजीचा झोका ही लेकींची जुनी सोय. सासरचं गाऱ्हाणं झोक्यावर मोकळ्या गळ्याने गायचं आणि ऐकणारीने गाणं म्हणून सोडून द्यायचं. लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बायकांनी आपापल्या ओळी जोडल्या. तिची पाळी आली तेव्हा ती माझ्याकडे न बघता गायली,

"फुलं धाडी धाडी थकनू वं बहिनी,
तुले वास कसा नही उना."

बायका हसल्या. फुलं धाडून थकले, तुला वास कसा आला नाही, हे ती मलाच विचारत होती.

घरात जाऊन तिचा फोन घेतला, तिच्याकडचे मूळ फोटो त्याच अॅपमध्ये उघडले. निरोप प्रत्येकात होता. 'आज परत मारं.' 'मायले सांग.' शेवटच्या मोगऱ्यात एवढंच: 'मले लई जा.' मला घेऊन जा. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं आणि त्यात दडवलेलं सगळं पुसलं जातं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी ओक्साबोक्शी रडले. तीच मला थोपटत राहिली.

आईला एकेक निरोप वाचून दाखवला. ती उठून चुलीपाशी गेली.

सण सरल्यावर जावई न्यायला आले. आईने चहा दिला, कप खाली ठेवेपर्यंत थांबली आणि भावकीतल्या चार माणसांसमोर म्हणाली, "पोर आते आठेच ऱ्हाई." लेक इथेच का राहणार, याचं जावयांनी कारण विचारलं. आईने तेही सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

बहीण आता कळसाडीलाच असते, शहाद्याला नर्सिंगचा कोर्स करते. सकाळी फुलाचा फोटो अजून पाठवते. सवयीने मी तो अॅपमध्ये घालते आणि अॅप म्हणतं, संदेश सापडला नाही. मी तरीही तिला फोन लावते.