घट्ट दह्याऐवजी शेंगदाणे

"आई, घट्ट दही कुठंच मिळालं नाही. पाहुण्यांपुढं भाकरीबरोबर काय ठेवू?" सुनेनं पातळ दह्याची पिशवी फोडली आणि त्या आंबूस वासानं मी मनानं माहेरी, वळसंगला, आमच्या चुलीपुढं जाऊन बसले.

तेव्हा माझा बी.ए.चा निकाल लागला होता. घराण्यात पहिलीच मी. शहरातून, नव्या पेठेतल्या दोन मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. दुष्काळाचं साल, म्हैस आटलेली. फडक्यात टांगायला दही कुठलं? अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, भिजवलेले शेंगदाणे पाट्यावर लोण्यासारखे वाटून त्यात शेजारून आणलेलं वाटीभर ताक, लसूण आणि तिखट कालवलं. मी हळूच म्हटलं, "अव्वा, दहीच हाय म्हणून सांग."

"किती घट्ट दही हे!" एक मैत्रीण म्हणाली.

"दही न्हाय बाई, शेंगदाणं हायती," अव्वा मोठ्यानं म्हणाली. "म्हस आटली म्हणून काय माजं हात आटलं का? आन् ही शिकलेली लेक मला खोटं बोलाय शिकवतीया की!"

मैत्रिणी हसल्या. माझी मान खाली गेली. वाडगं मात्र दोघींनी बोटांनी पुसून खाल्लं.

आज सुनेसमोर मी उठून शेंगदाणे भिजत घातले. पाहुण्यांनी विचारलं, तर मीच सांगेन. मोठ्यानं.