हवेतले बारा तास

अण्णा गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते. मी परभणीहून गावी, झरीला पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती आणि आमचे चुलते, तात्या, निर्णय घेऊन बसले होते. विजूसाठी थांबायचं. विजू माझा धाकटा भाऊ, मेलबर्नला असतो. तात्यांनी कुणाला तरी मोबाइलवर बघायला लावलं होतं: मेलबर्न ते हैदराबाद सव्वानऊ हजार किलोमीटर, विमानाला बारा तास. "बारा घंट्याचं तर हाय. रातीला येतंय लेकरू," तात्या म्हणाले.

अण्णा हे ऐकून भडकले असते. माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नुसतं अंतर सांगणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नसे. गाडी सुटते कधी, थांबते कुठे आणि किती, हे आधी सांग, म्हणायचे. विजू पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्याला समोर बसवून, तिकडच्या घराला कुलूप लावल्यापासून झरीत उतरेपर्यंतचे तास त्यांनी विचारून घेतले.

"अण्णा, सिंगापूरला काय गंगाखेडवानी चहाला थांबते का गाडी?" विजू हसायला लागला.

"चार तास बसलास न्हवं तिथं? मंग धर की ते बी."

बेरीज एकतीसवर गेली. अचानक निघायचं तर तिकीट मिळेपर्यंत आणखी पाच. छत्तीस. मग चष्मा काढून ते माझ्याकडे वळले. "मी गेलो तर छत्तीस तास मला ठेवायचं न्हाई. तू द्यायचा अग्नी." विजूनं "काय बी बोलता तुमी" म्हणून विषय टाळला. मी टाळला नाही.

हे मी अंगणात सांगितलं. तात्या म्हणाले, "आपल्यात लेकीनं कधी दिला न्हाई. पोरगा जिता असताना?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असा विजूला फोन लावला. तो रडत होता. "ताई, थांबा. मी निघायलोय."

त्याला रडू दिलं. मग म्हटलं, "तिकीट कधीचं मिळतंय ते बघ आणि दारापासून मोज."

तो मोजत गेला... विमानतळ, सिंगापूर, हैदराबाद, पुढे गाडीनं परभणी, झरी. "उद्या संध्याकाळचे आठ," तो म्हणाला. मग तोच पुढे बोलला.

"ताई, तू दे. अण्णांनी मला बी सांगितलं होतं."

तात्या उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल मंग. मडकं कसं धरायचं ते दावतो."

दुपारी एकच्या आत मी अग्नी दिला.

विजू दुसऱ्या दिवशी रात्री आला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून राख सावडली. घरी आल्यावर तो परतीच्या तिकिटाचं बोलू लागला, तेव्हा आई या तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "माझ्या टायमाला बी कुणी थांबू नका. तवा पळत येण्यापरीस आत्ता ऱ्हा."

विजूनं तिकीट पुढे ढकललं. महिनाभर तो अण्णांच्या बाजेवर झोपला, आईच्या आधी उठून चहा ठेवत राहिला. आता तो परत गेलाय. बाज आत उचलून ठेवू का, असं मी आईला विचारलं. तिनं चादर बदलली आणि म्हणाली, "राहू दे. दिवाळीला येतोय त्यो."