सुईवरची फुंकर

सासूबाईंना घरी इंजेक्शन द्यायला बोरी अरब गावचा कंपाउंडर सायकलने यायचा. सुई स्टोव्हवर नीट उकळायचा आणि मग गार व्हावी म्हणून तिच्यावर फुंकर घालायचा.

"अहो, मग उकळून उपयोग काय?" मी ओरडायचे.

"वहिनी, मायले चटका बसन ना!" तो हसायचा. सासूबाईंना हळूच कुशीवर वळवून म्हणायचा, "पाह्य माय, मुंगी चावली."

शेवटी सुईच्या जागी मोठे गळू झाले. मी त्याला येऊ नका म्हटले.

"बरोबर हाय तुमचं," एवढेच म्हणून त्याने सासूबाईंच्या पायांवरची चादर सारखी केली आणि गेला.

नवा कंपाउंडर फुंकत नसे आणि बोलतही नसे. गळू पुन्हा झाले नाही. पण सुई टोचली की सासूबाई दाराकडे बघत विचारायच्या, "तो काहून येऊन नाही राह्यला वं?"